रिआल्तो : व्हेनिसचा बाजारपूल

व्हेनिसच्या ‘कानाल ग्रांदे’ या मुख्य कालव्यावरील रिआल्तो पूल हा आधी बाजारपेठेचा भाग आहे आणि मग रस्ता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या रचनेचा उलगडा होत नाही. कालव्याच्या एका काठावर मासळीबाजार आणि सराफांच्या पेढ्या, तर समोरच्या काठावर पुढे जर्मन व्यापाऱ्यांची वखार उभी राहिली, आणि हे दोन काठ जोडण्यासाठी बाराव्या शतकात प्रथम नावांवर फळ्या टाकून तरता पूल बांधण्यात आला. तेराव्या शतकात त्याची जागा लाकडी पुलाने घेतली. उंच डोलकाठीची गलबते जावीत म्हणून त्याचा मधला भाग पुढे उचलता केलेला होता, हे वित्तोरे कार्पाच्चोने १४९० च्या दशकात रंगवलेल्या चित्रात स्पष्ट दिसते. हा पूल १४४४ मध्ये नौकांची मिरवणूक पाहण्यास लोटलेल्या गर्दीच्या भाराने कोसळला, आणि १५२४ मध्ये पुन्हा पडला.

दगडी पुलासाठी आंद्रेआ पालादिओसारख्या नामवंतांनी रोमन धाटणीचे, अनेक कमानींचे आराखडे मांडले होते. ते देखणे असले तरी पाण्यातल्या खांबांनी नावांची वाट अडली असती. अखेर पसंत पडली ती आंतोनिओ दा पोंते या वयोवृद्ध स्थपतीची एकाच कमानीची योजना, आणि त्याच्या आडनावाचा अर्थच ‘पुलाचा’ असा व्हावा, हा सुखद योगायोग आहे. १५८८ ते १५९१ या काळात बांधलेल्या या कमानीचा गाळा सुमारे २८ मीटरांचा आहे. एवढी मोठी कमान केवळ खाली भार टाकत नाही, तर दोन्ही काठांना बाहेरच्या बाजूस रेटते, आणि व्हेनिसची जमीन म्हणजे तर मऊ गाळ. म्हणून सुमारे १२,००० लाकडी सोट गाळात ठोकून पायऱ्यापायऱ्यांचा पाया रचण्यात आला आणि त्यावरील दगडांचे थर त्या रेट्याला तोंड देतील असे तिरके बसवण्यात आले. पाण्याखालच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसल्याने ते लाकूड सहसा कुजत नाही. पुलाचे खरे वैभव डोळ्यांआडच्या या पायात आहे.

वर दुकानांच्या दोन ओळी आणि पायऱ्यांच्या तीन वाटा आहेत. मधली वाट गिऱ्हाइकांची, तर कडेच्या दोन वाटांवरून कालवा दिसतो. १८५४ पर्यंत हा कालवा पायी ओलांडण्यास दुसरा पूल नव्हता.

पुलाच्या एका दर्शनी बाजूस कमानीच्या एका टोकाशी देवदूत गॅब्रिएल, दुसऱ्या टोकाशी मेरी आणि माथ्यावर पवित्र आत्म्याचे प्रतीक असलेले कबुतर कोरले आहे. येशूच्या जन्माची वार्ता मेरीला कळवण्याच्या या प्रसंगाचा सण २५ मार्चला येतो, आणि परंपरेनुसार व्हेनिसची स्थापनाही ४२१ मधील त्याच तिथीस, याच रिआल्तो भागात झाली.