रामसे बंधूंचे भयपट आणि सी.पी. बेरारचा प्रेक्षक

चित्रपट-वितरणाच्या धंद्यात गोंदिया जिल्हा आजही ‘सी.पी. बेरार’मध्ये मोडतो. मध्यप्रांत-वऱ्हाड हे नाव सरकारी कागदांवरून जाऊन सत्तरेक वर्षे झाली, तरी विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाचा दक्षिण भाग मिळून होणाऱ्या टापूला वितरक याच नावाने ओळखतात. रामसे बंधूंचे स्वस्तातले भयपट जगले ते अशाच टापूंतल्या, जिल्ह्याच्या नि तालुक्याच्या गावांतल्या टॉकीजवर. महानगरांतल्या समीक्षकांनी नाक मुरडले, पण तिकिटे काढणारा प्रेक्षक वेगळाच होता.

फत्तेचंद रामसिंघानी ऊर्फ एफ. यू. रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले आणि पुढे चित्रपटांत पैसा घालू लागले. त्यांचे ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हे चित्रपट विश्राम बेडेकरांनी दिग्दर्शित केले. रामसेंच्या भुतांचे मूळ ‘रणांगण’ लिहिणाऱ्या याच बेडेकरांपाशी निघावे, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. दुसरा चित्रपट पडला. मात्र भेसूर मुखवटा चढवलेला पृथ्वीराज कपूर चोरी करतो, त्या एका प्रसंगासाठी लोक पुन्हा पुन्हा येत होते. हे तुलसी आणि श्याम या मुलांनी हेरले आणि वडिलांच्या गळी उतरवले: सगळा चित्रपटच भीतीचा करू.

तो म्हणजे ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२). खर्च काही लाखांतच. सगळा गोतावळा महाबळेश्वरला गेला, सरकारी विश्रामगृहात उतरला आणि तिथेच चित्रीकरण उरकले. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. तुलसी-श्याम दिग्दर्शन करीत, कुमार पटकथा लिही, गंगू कॅमेऱ्यामागे असे, किरण ध्वनी सांभाळी, अर्जुन संकलन करी आणि केशूही निर्मितीत राबे. घरातल्या बायकांनी स्वयंपाकाची बाजू उचलली. स्टुडिओचे भाडे नाही, बड्या नटाचे मानधन नाही. वाडे आणि जंगले आयती मिळत. ‘पुरानी हवेली’त (१९८९) दिसणारा वाडा म्हणजे मुरूडचा नवाबाचा राजवाडा.

हे चित्रपट पाहताना ही काटकसर ध्यानात ठेवली, तर त्यातली कारागिरी दिसू लागते. धुरावर निळा किंवा लाल प्रकाश सोडला की साधी खोलीही तळघर वाटते, शिवाय नेपथ्यातल्या उणिवा झाकल्या जातात. राक्षस बराच वेळ अर्धवटच दिसतो: हात, नखे, डोळे. मुखवट्याला जितका कमी उजेड, तितका तो खरा वाटतो. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी मात्र रंगभूषेवर फारसा अवलंबून नाही. अजय अग्रवाल या स्थापत्य अभियंत्याची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांनीच निम्मे काम केले. सामरीचे मुंडके पेटीत बंद आणि धड दुसरीकडे पुरलेले. त्याच्या शापाने राजघराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. ही कल्पना आजीच्या गोष्टीत शोभेल अशी आहे, आणि ती पोचली त्याचे कारणही बहुधा हेच.

याच चित्रपटात विनोदी नट जगदीपचे ‘शोले’चे लांबलचक विडंबन घुसडलेले आहे. नव्या प्रेक्षकाला ते खटकते आणि ते खरेच लांबले आहे. पण त्या वेळचा प्रेक्षक एका तिकिटात भीती, गाणी, मारामारी, हशा सगळे मागत होता. गोंदियाकडच्या माणसाला हा मसाला परका नाही. दिवाळी ते होळीच्या हंगामात अर्जुनी-मोरगावपासून गडचिरोलीपर्यंत झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात, त्यांतही करुण प्रसंगाला लागून लावणी येते आणि तिच्यामागून विनोद. ज्याने ती पाहिली आहेत त्याला सामरी आणि जगदीप एका पडद्यावर विसंगत वाटत नाहीत.

‘वीराना’ (१९८८) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) यांनंतर ही लाट ओसरली. भूत आधी व्हीसीआरवर आणि मग १९९३पासून ‘झी हॉरर शो’मधून थेट घरात आले. ‘झपाटलेला’ हा मराठी चित्रपटही १९९३चाच. महेश कोठारे यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातली बाहुल्याची कल्पना उचलली, रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून तात्या विंचू उभा केला आणि भीतीपेक्षा हशाला वरचे स्थान दिले. मराठी घरांत तो रामसेपटांपेक्षा अधिक पाहिला गेला, हे साहजिकच.

पुढे मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ डीव्हीडीवर आणले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींना हे चित्रपट गवसले. इकडे इंटरनेटवर मिळणाऱ्या कित्येक प्रती कडा कापलेल्या, रंग विटलेल्या असतात. निळा प्रकाशच करडा झाला तर रामसेपटात पाहण्यासारखे फार उरत नाही. म्हणून प्रत पूर्ण लांबीची आणि रंग शाबूत असलेली निवडावी, सुरुवात ‘पुराना मंदिर’पासून करावी आणि जगदीप आला म्हणून पुढे ढकलू नये.