तळघराची इपॉक्सी: आधी ओल पाहा, मग चकाकी

नगरच्या (अहिल्यानगरच्या) नागापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला इपॉक्सीची जमीन नवी नाही. गुळगुळीत, धूळ न धरणारी, तेल सांडलं तरी पुसून निघणारी. शहरातल्या सावेडीत घर बांधताना तळघरालाही तसंच करावं असं मग वाटतं, आणि त्यात चूक काही नाही. पण घराचं तळघर तीन-चार बाजूंनी मातीत असतं. तिथला हिशेब वेगळा, आणि तो न समजल्यामुळे लोकांचे कष्टाचे पैसे पोपड्यांत जातात.

गैरसमज: नगरला पाऊसच कमी, ओल येणार कुठून?

वस्तुस्थिती: आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे, हे खरं. पण तळघराला भिडतं ते मातीत मुरलेलं पाणी. काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पाषाणात पाणी सहज उतरत नाही, ते वरच्या मुरमात रेंगाळतं. त्यात आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात पडतो. म्हणून मे महिन्यात ठणठणीत वाटलेलं तळघर दसऱ्याच्या सुमारास कुबट वास मारू लागतं. बागेचं पाणी, झिरपणारी टाकी, फुटकं चेंबर यांना तर ऋतूही लागत नाही.

गैरसमज: इपॉक्सी मारली की ओल बंद.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. काँक्रीटमध्ये केसाहून बारीक पोकळ्या असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्यांतून पाणी वर चढतं. साध्या कोब्यावरून ते हवेत उडून जातं आणि मागे क्षारांची पांढरी पूड राहते. इपॉक्सीचा घट्ट पदर ही वाट अडवतो. खाली पाणी आणि क्षार साचतात, दाब वाढतो, आणि जमिनीवर रुपयाएवढे फोड येतात. असा फोड खिळ्याने टोचला तर आतून पाणी येतं. ओल अडवायची ती बाहेरून: भिंतीचं वॉटरप्रूफिंग, पावसाच्या पाण्याचा उतार घरापासून दूर, गळती असेल तर तिची दुरुस्ती. ओलसर काँक्रीटसाठी खास प्रायमर मिळतात, पण वाहती गळती त्यांनाही थोपवता येत नाही.

गैरसमज: हात लावून कोरडं लागलं म्हणजे कोरडं.

वस्तुस्थिती: 18 इंच लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा आणि चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा. किमान 16 तासांनी उचला. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा तेवढाच चौकोन काळपट झाला असेल तर काम थांबवा. ही चाचणी दोन-तीन ठिकाणी, भिंतीच्या कडेलाही करा, आणि मुख्य म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. उन्हाळ्यातलं उत्तर अर्धंच असतं. नवं काँक्रीट असेल तर निदान 28 दिवस थांबायचं, आणि त्यानंतरही चाचणी चुकवायची नाही.

गैरसमज: जमीन झाडून पुसली की पुरे.

वस्तुस्थिती: आपल्याकडचा कोबा घोटून गुळगुळीत केलेला असतो. वर आलेल्या सिमेंटच्या साईवर इपॉक्सीला पकड मिळत नाही. ग्राइंडर फिरवून वरचा थर काढावा लागतो आणि धूळ व्हॅक्यूमने ओढावी लागते. मग पाण्याचे चार थेंब टाका. मुरले तर जमीन तयार, मोत्यासारखे उभे राहिले तर अजून घासायला हवी. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तिथला कोबा आधी बदला.

गैरसमज: इपॉक्सी रंगासारखी वाळते.

वस्तुस्थिती: रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन ती घट्ट होते. म्हणून प्रमाण डब्यावर लिहिलेलं तेच, अंदाजाने नाही. क्रियेतून उष्णता निघते. एप्रिलच्या दुपारी कालवलेला डबा हाताला चटके देऊ लागतो आणि बघता बघता गोठतो. थोडं थोडं कालवा, सकाळी लवकर काम करा. हातमोजे घालाच, कारण हार्डनरने त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. तळघरात हवा खेळती ठेवा. साधारण दिवसाने त्यावर चालता येतं, पण जड सामान किंवा गाडी ठेवायला सात दिवस जाऊ द्या.

गैरसमज: एकदा केली की बघायला नको.

वस्तुस्थिती: उन्हाचा पट्टा येतो तिथे इपॉक्सी पिवळी पडते. ओली झाली की घसरते. घरात वडीलधारी माणसं असतील तर ओल्या पदरावर क्वार्ट्झची वाळू पेरून घ्या. खालच्या काँक्रीटचा तडा हलता असेल तर तो वर उमटणारच.

थोडक्यात, पावसाळ्याच्या अखेरीस ओल तपासा, हिवाळ्यात बाहेरचं पाणी अडवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये इपॉक्सी करा. एवढं करूनही ओल हटली नाही तर शहाबादी फरशी घाला. तिच्या सांध्यांतून जमीन श्वास घेते, आणि एखादी फरशी उचकटली तर तेवढीच बदलता येते.