सीमेवरील रस्त्याचा खर्च कोणी करावा?

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामधून जाम नदी वाहते. दोन्ही काठांवर मराठी बोलली जाते, आसपासच्या शेतांत संत्री पिकतात, आणि ती विक्रीसाठी नागपूरची वाट धरतात. १९५६ पर्यंत या वाटेवर राज्याची सीमा नव्हती. नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात गेले. आपला भाग मध्य प्रदेशातच राहिला. सीमा नवी आली, संत्र्यांची वाट मात्र जुनीच राहिली.

अशा वाटेचा खर्च कोणी करावा? आपल्या राज्यघटनेप्रमाणे रेल्वे व राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राचे विषय असून इतर रस्ते राज्यांकडे आहेत. एका राज्याने सीमेपर्यंत उत्तम सडक बांधली आणि शेजाऱ्याने पुढचा तुकडा तसाच ठेवला, तर गाडी त्या तुकड्यावरच अडते. शिवाय सीमेवरील सडकेचा बराच लाभ शेजारच्या बाजारपेठेस होतो. म्हणून आपल्या तिजोरीतून तीवर खर्च करण्यास सरकारे सहसा उत्सुक नसतात. जे काम दोघांच्या हिताचे, ते अशा रीतीने कोणाचेच राहत नाही.

यावर उपाय म्हणजे सामाईक निधी. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने, पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी राखावे, अशी शिफारस केली. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. जो रस्ता वापरतो त्याने त्याचा भार उचलावा, हे त्यामागील तत्त्व होय. २००० सालच्या कायद्याने या निधीतून आंतरराज्य महत्त्वाच्या रस्त्यांसाठीही तरतूद केली.

पैशाइतकीच आखणीही महत्त्वाची असते. १९४३ साली नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने साऱ्या देशासाठी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे राज्यपुनर्रचनेच्याच वर्षी, १९५६ साली, राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. आज पांढुर्ण्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ आणि सौंसरहून येणारा ५४७ हे दोन्ही सावनेरला मिळतात व तेथून वाट नागपुरास जाते.

तथापि महामार्ग केंद्राने बांधला, तरी शेतापासून महामार्गापर्यंतचा रस्ता राज्याने व ग्रामपंचायतीनेच सांभाळावयाचा असतो. फळ नाशवंत आहे. ते कोणत्याही सरकारसाठी थांबत नाही. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंनी हा शेवटचा दुवा आपलाच मानला, तरच महामार्गावरील खर्च सार्थकी लागेल.