देशी पोपट गेला, परदेशी आला

कोलकात्याचा प्राण्यांचा शौक जुना. अवधची गादी गमावून मटियाबुर्जला आलेल्या वाजिद अली शाहने तिथे वाघांपासून सापांपर्यंत खासगी संग्रह उभा केला. राजेंद्र मल्लिकांच्या मार्बल पॅलेसमध्येही पशुपक्षी होते. पुढे हा शौक हातीबागानच्या हाटातून सामान्यांच्या घरी पोचला. तो हाट आता दर रविवारी गॅलिफ स्ट्रीटवर भरतो.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः इथल्याच प्राण्यांसाठी होता. १९९१च्या दुरुस्तीने देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला आणि पोपट, मैना विकणं गुन्हा ठरलं. ते योग्यच झालं. पण शौक काही बंद झाला नाही, तो परदेशी पक्ष्यांकडे, इग्वानाकडे, चिमुकल्या मार्मोसेट माकडांकडे वळला. भारत १९७६ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात होता खरा, तरी त्याचा धाक सीमेवर आणि विमानतळावर. तिथून सुटलेला प्राणी एकदा घरात शिरला, की वनखात्याच्या हाती फारसं काही उरत नसे.

२०१९ने ही फट उघडी पाडली. जूनमध्ये बांगलादेशातून आणलेला सिंहाचा छावा आणि तीन वानरं कोलकात्यात पकडली गेली. त्याच वर्षी तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट जप्त झाले, तेही अंमलबजावणी संचालनालयाकडून, मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली. माणसाच्या इतक्या जवळच्या जिवाला वाचवायला त्याला आधी गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता ठरवावं लागलं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

जून २०२०मध्ये केंद्राने सहा महिन्यांची मुदत दिली: परदेशी प्राणी जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. नोंद व्हावी हा हेतू चांगला, पण प्राणी आला कुठून हा प्रश्नच त्यात सोडून दिला गेला. माझ्या मते ती मोठी चूक होती. २०२२च्या दुरुस्तीने साइट्समधले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले; ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. २०२४च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. जन्म-मृत्यूही कळवायचे आहेत.

आता जन्माच्या नोंदीवर सगळं अवलंबून आहे. जंगलातून पकडून आणलेलं पिल्लू ‘घरीच जन्मलं’ म्हणून खपवणं सोपं आहे. नोंदवलेल्या आईबापांशी डीएनए जुळवून पाहण्याची सोय वनखात्याला मिळायला हवी, आणि ती कोलकात्याच्याच अलीपूर प्राणिसंग्रहालयापासून सुरू करता येईल.