एका सुईत दोन संप्रेरके

मेक्सिकोत ‘पेर्लुताल’ आणि ब्राझीलमध्ये ‘पेर्लुतान’ या नावाने मिळणारे इंजेक्शन मुळात संततिनियमनासाठी आहे. कुपीत १० मिलिग्रॅम इस्ट्राडायोल एनान्थेट हे इस्ट्रोजेन आणि १५० मिलिग्रॅम अल्जेस्टोन ॲसिटोफेनाइड हे प्रोजेस्टिन असते. महिन्यातून एकदा ते स्नायूत टोचायचे. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक ट्रान्स स्त्रिया मात्र हेच इंजेक्शन आपले शरीर स्त्रीरूपाकडे नेण्यासाठी वापरत आल्या आहेत. औषधाच्या दुकानात ते मिळते, परवडते आणि आपण कोण आहोत याचा खुलासा कुणापुढे करावा लागत नाही.

औषध म्हणून ते निरर्थक नाही. नुसते इस्ट्राडायोल टोचले तर शरीर त्याचा लवकर निकाल लावते. त्याला मेदाम्लाची साखळी जोडून तेलात विरघळवले, की स्नायूत त्याचा साठा तयार होतो. साखळी तुटेल तसे संप्रेरक रक्तात सुटत राहते. १९५०च्या दशकात जर्मनीच्या शेरिंग कंपनीत कार्ल युंकमान यांनी अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांवर पायाभूत काम केले.

रक्तात पुरेसे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दिसले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आपले संदेश आवरते घेते. स्त्रीच्या शरीरात त्यामुळे बीज सुटत नाही. ट्रान्स स्त्रीच्या शरीरात वृषणांकडे जाणारा आदेश मंदावतो आणि टेस्टोस्टेरॉन उतरते. युरोपात टेस्टोस्टेरॉन दाबण्यासाठी वर्षानुवर्षे दिले गेलेले सायप्रोटेरोन हेही एक प्रोजेस्टिनच आहे.

अडचण आहे ती जोडगोळीच्या ठरलेल्या प्रमाणात. ‘अंतरा’सारख्या केवळ प्रोजेस्टिनच्या इंजेक्शनने पाळी अनियमित होते, हे आपल्याकडच्या आरोग्यसेविका रोज ऐकतात. महिन्याच्या इंजेक्शनात इस्ट्रोजेन मिसळले ते याच कारणासाठी: त्याची पातळी चढावी, उतरावी आणि दरमहा वेळेवर रक्तस्राव व्हावा. ट्रान्स स्त्रीला या उताराचा काहीच उपयोग नाही. तिला हवी असते स्थिर पातळी. मग दोन सुयांमधले अंतर कमी केले जाते आणि इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिनचा डोसही आपोआप वाढतो. एक वाढवून दुसरे कमी करण्याची सोय या कुपीत नाही.

प्रोजेस्टिनमुळे स्तनांची वाढ अधिक चांगली होते, असे अनेक जणी सांगतात. त्यांचा अनुभव टाकून देण्यासारखा नाही, पण खात्रीचा पुरावा अजून हाती आलेला नाही. धोके मात्र नोंदले गेले आहेत. मेंदूच्या आवरणातील मेनिंजिओमा गाठींच्या भीतीने युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सायप्रोटेरोनच्या वापरावर मर्यादा आणल्या. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टिनच्या इंजेक्शनाचा दीर्घकाळ वापर आणि याच गाठी यांचा संबंध २०२४ मध्ये फ्रान्समधील मोठ्या अभ्यासात दिसला. प्रत्येक प्रोजेस्टिन वेगळे असते, म्हणून एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही.

इस्ट्रोजेनही सगळे सारखे नाही. ॲम्स्टरडॅममधील उपचार केंद्राच्या १९८९ आणि १९९७च्या अहवालांत ट्रान्स स्त्रियांमध्ये शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अनेक पटींनी जास्त आढळले. तेव्हा दिले जाणारे एथिनिल इस्ट्राडायोल यकृतात सहज मोडत नाही आणि रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर जोरकस परिणाम करते. आज या उपचारात ते टाळले जाते. पण आपल्या ‘माला-डी’ गोळीत तेच आहे, आणि भारतातही डॉक्टरचे दार बंद असल्याने गर्भनिरोधक गोळ्यांकडे वळणाऱ्या ट्रान्स स्त्रिया आहेत. त्यांना बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

हा उपचार देखरेखीखाली होतो तेव्हा त्याला मोजमाप असते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७च्या मार्गदर्शिकेनुसार इस्ट्राडायोल मिलिलिटरला १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली ठेवायचे. इंजेक्शन घेणाऱ्यांचे रक्त दोन सुयांच्या मधोमध तपासायचे. एवढ्यासाठी लागते साधी प्रयोगशाळा आणि तुच्छतेने न पाहणारा डॉक्टर. ‘मित्र क्लिनिक’ ही ट्रान्स व्यक्तींसाठीची केंद्रे २०२१ पासून हैदराबादेत आणि नंतर कल्याण व पुण्यातही हेच काम करत होती. २०२५च्या सुरुवातीला त्यांना मिळणारी अमेरिकेची मदत थांबली आणि ही केंद्रे बंद पडली. हैदराबादचे केंद्र त्याच वर्षी ‘सबरंग’ नावाने टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने पुन्हा उघडले. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतील संप्रेरकतज्ज्ञांनी ही सेवा नियमित बाह्यरुग्ण विभागात द्यायला हवी, आणि तीही तातडीने.