रेकॉर्ड प्लेअरचा वेग बिघडतो तेव्हा

जुन्या रेकॉर्डला पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुने प्लेअर विकणाऱ्यांना आणि ते दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना यात चार पैसे मिळू शकतात. मात्र एका तक्रारीवर बरेच सौदे मोडतात. गाणे ओढल्यासारखे वाजते, नाहीतर सूर हेलकावे खातो. ही तक्रार आली की आपला कारागीर आधी मोटार उघडतो. तिथेच चूक होते, असे आम्हाला वाटते. जुनी मोटार एकदा बिघडवली की तशी दुसरी मिळणे कठीण. आधी वेग मोजावा, मग पेचकस हाती घ्यावा.

मोजायला यंत्र लागत नाही. एलपी रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड ठेवून सुईही टेकवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. सुई टेकवल्याशिवाय मोजलेला वेग खरा नव्हे. १०० फेऱ्यांना १८२ सेकंद लागले तर यंत्र सुमारे एक टक्का मंद आहे. एवढा फरक साधारण गिऱ्हाइकाला कळत नाही, पण गवयाला कळतो. रेषांची चकती वापरणारेही आहेत. आपल्या ५० सायकलच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेषांची चकती लागते. दिव्याखाली रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. मात्र आजच्या चांगल्या एलईडी दिव्याखाली हा खेळ दिसेलच असे नाही, कारण तो विजेबरोबर लुकलुकत नाही. त्यासाठी निऑनचा छोटा दिवा ठेवावा.

फेऱ्यांचा आकडा १०० च्या जागी ८३ च्या आसपास आला, तर यंत्रात बिघाड शोधूच नका. ते यंत्र ६० सायकलच्या विजेसाठी बनलेले आहे. अमेरिकेत आणि सौदी अरेबियात वीज ६० सायकलची, आपल्याकडे आणि दुबईत ५० ची. जपानात तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. विजेच्या सायकलवर चालणारी मोटार इथे सहाला पाच या हिशेबाने मंद फिरते. ३३⅓ चे पावणेअठ्ठावीस होतात आणि सूर हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली उतरतो. आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराने सौदीहून आलेला असा प्लेअर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जोडून विकला. दोन दिवसांत गिऱ्हाईक परत आले, पैसे द्यावे लागले आणि ओळखही गेली. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही, एवढे त्याला ठाऊक असते तर हे टळले असते.

यावर इलाज मोटारीच्या पुलीत आहे. काही कंपन्या ५० आणि ६० साठी वेगळ्या पुली देत असत. ती मिळाली तर उत्तम. नाहीतर लेथवर पितळेची करून घ्यावी. पट्ट्याच्या यंत्रात नुसता पुलीचा व्यास सव्वापट, दीडपट असा अंदाजाने वाढवू नये. पुलीच्या व्यासात पट्ट्याची जाडी मिळवावी, त्या बेरजेला १.२ ने गुणावे आणि जाडी पुन्हा वजा करावी. पुली १० मिलिमीटर व पट्टा १ मिलिमीटर असेल तर नवी पुली १२.२ मिलिमीटरची होईल. डीसी मोटारीच्या किंवा टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ सारख्या क्वार्ट्झच्या यंत्रांना ही अडचण नाही. त्यांचा वेग विजेच्या सायकलवर अवलंबून नसतो.

आता हेलकाव्यांचे. आधी दुसरी रेकॉर्ड लावून पाहा. रेकॉर्डचे भोक मधोमध नसेल तर दर फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदाला, सूर वरखाली होतो आणि दोष बिचाऱ्या यंत्रावर येतो. दुसऱ्या रेकॉर्डवरही तसेच झाले तर पट्टा काढून बघा. तो ताणलेला, कडक किंवा चकाकणारा असेल तर बदला. नव्या पट्ट्याचे माप जुन्या पट्ट्यावरून घेऊ नये, तो वाढलेला असतो. पुली आणि थाळीभोवती दोरा फिरवून घ्यावे. रबरी चाकाच्या यंत्रात, उदाहरणार्थ जुन्या गॅरार्डमध्ये, बटण चालू ठेवूनच वीज बंद केली असेल तर चाक पुलीवर दाबून राहते आणि त्याला खळगा पडतो. मग भराभर ठकठक ऐकू येते. रबर, पुली आणि थाळीची आतली कड स्पिरिटने पुसावी. पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये, रबर फुगते.

थाळीच्या बेअरिंगमधले तेल वाळून गोंद झालेले असते. ते पुसून नवे दोन थेंब पुरेत. मोटारीच्या बुशला शिलाई मशीनचे तेल चालते, पण एक थेंब पुलीवर गेला की पट्टा घसरतो आणि सगळी मेहनत पुन्हा. डीसी मोटारीच्या यंत्रात वेग जुळवायचा छोटा स्क्रू असतो. सफाई आणि पट्टा झाल्याखेरीज त्याला हात लावू नये. घसरणाऱ्या पट्ट्यावर जुळवलेला वेग नव्या पट्ट्यावर चुकतो.

एवढे करूनही वेग सरकत राहिला, तरच मोटार आणि सर्किटमधले जुने कंडेन्सर तपासावेत. विकताना १०० फेऱ्यांना लागलेले सेकंद आणि विजेची सायकल चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवावी. सायकलचा दोष असेल तर भाव त्याप्रमाणे ठरवावा. पुली बदलण्याची मजुरी वेगळी सांगितली तर गिऱ्हाईक बहुधा तीही देते.