पुढे कोण?

दिवाळी सरली की बारामती तालुक्यातल्या नीरेकाठच्या सांगवी परिसरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या या टोळ्या माणसांवर नव्हे, कोयत्यांवर मोजल्या जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कुणाला किती द्यायची, उद्या फड कुठला, गाडी कधी भरायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं, तो मुकादम. मूळ अरबी शब्दाचा अर्थच 'पुढे केलेला'. शिवकाळातल्या कागदांत तो 'मोकदम' या रूपात गावच्या पाटलासाठी येतो. वाड्यातून तो फडात आला, तरी त्याचा भार कमी झालेला नाही. कोयता हंगाम अर्धा टाकून गेला, तर बुडालेली उचल मुकादमाच्याच अंगावर येते.

तोच ऊस शेजारच्या माळेगावच्या साखर कारखान्यात पोचला, की तिथे 'फोरमन' भेटतो. इंग्रजीतही 'फोर' म्हणजे पुढचा.

इंग्रजीत पुढच्या माणसाला नावं पुष्कळ, आणि प्रत्येक नाव तो पुढे कसा आला ते सांगतं. 'चेअरमन' मानाच्या खुर्चीवरून पुढे आला. 'प्रेसिडेंट' म्हणजे लॅटिनमध्ये पुढे बसणारा. 'कॅप्टन' आणि 'चीफ' दोघंही 'कापुट', म्हणजे डोकं, या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. या सगळ्यांत उजवा वाटतो तो 'पायोनिअर'. हा मुळात साधा पायदळी शिपाई. सैन्य यायच्या आत वाट साफ करायची, खंदक खणायचे, हे त्याचं काम. पुढे असण्याचा खरा अर्थ या घामाच्या शब्दात जितका आहे, तितका खुर्चीच्या शब्दांत नाही.

मराठीची या बाबतीतली श्रीमंती पाहायला बारामतीतच, कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या वाड्यापाशी थांबावं. नाईक हे मोठं सावकार घराणं. बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई याच घरात, बाबूजींचे भाऊ आबाजी यांना दिलेली. कवी मोरोपंतांना आश्रय मिळाला तोही इथेच. 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि साताऱ्यात पेशवेपदाचा प्रश्न उभा राहिला. बाबूजी नाईकांनी त्या पदासाठी जोर लावला. नागपूरचे रघूजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. शाहू महाराजांनी मात्र वस्त्रं दिली ती बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेब यांना. 'पेशवा' हा फारसी शब्द, अर्थ पुढचा, अग्रणी. आणि 'नाईक' म्हणजे संस्कृत 'नायक', 'नी' या नेण्याच्या धातूतून आलेला. नेता, सेनानी, अग्रणी ही त्याचीच भावंडं. घराण्याच्या नावातच पुढारपण असलेल्या माणसाला आणखी एक पुढारपण हवं होतं, ते सोयऱ्यांच्याच घरात राहिलं.

पेशव्यांच्या फौजेत आघाडीच्या तुकडीला 'बिनी' म्हणत आणि पिछाडीच्या तुकडीला 'चंदावल'. बिनी सांभाळणाऱ्या विसाजी कृष्णांना 'बिनीवाले' हेच आडनाव चिकटलं. 1769 साली उत्तरेकडे निघालेल्या मोहिमेचे ते एक सरदार, आणि 1772 मध्ये बादशहा शहाआलम दिल्लीला परतला तो याच मराठी फौजेच्या बळावर. आज फौज नाही, पण 'बिनीचा शिलेदार' मराठी लेखणीतून हटलेला नाही. 'आघाडी' तर राजकारणातही गेली आणि क्रिकेटमध्येही. 'फ्रंट' मूळ कपाळाचा शब्द. आपण त्याला आघाडी म्हटलं आणि दोन्ही भाषांत पक्ष एकत्र आले की हेच शब्द वापरात येतात.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच भागातून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला अश्वांचं. दिंडीत सर्वांत पुढे असतात पताकावाले. मग टाळकरी, मृदंगी. वीणेकरी या मेळ्याच्या आत असतो आणि दिंडीत त्याचा मान मोठा. तुळशी घेतलेल्या बायका मागून चालतात. रांगेत पुढे चालणारा आणि चाल ठरवणारा इथे वेगवेगळे आहेत. दिंडीची व्यवस्था पाहणाऱ्याला वारकरी 'दिंडीचालक' म्हणतात. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदातून 'लीडर' निघाला, त्याचाही अर्थ चालायला लावणं असाच आहे.